खोलीत आणखी कोणी?

मावशीला बोलायला फार आवडायचं आणि नोकरी लागली ती गप्प बसण्याची.

ती कुणाची सख्खी मावशी नव्हती. पाळणाघरात पोरं सांभाळायची, तिथं पडलेलं नाव. पंचवीस पोरं तिच्या अंगाखांद्यावर असायची आणि तिची बडबड सकाळी सुरू झाली की शेवटचं पोर घरी जाईपर्यंत थांबत नसे. मांजराशी, बाहुलीशी, सांडलेल्या दुधाशीसुद्धा ती बोलायची. नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, हिच्या जिभेला माझ्या मशीनपेक्षा जास्त तेल लागतं.

त्या पाळणाघरात एकदा मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे डॉक्टर. एकाच वर्षी जन्मलेली दोनशे चाळीस मुलं त्यांनी निवडली होती. जन्मापासून वयाच्या तिशीपर्यंत त्या मुलांचं काय काय होतं ते बघायचं, घरं कशी, आईबाप कसे, पोर कशानं घडतं आणि कशानं बिघडतं, असा तो अभ्यास. त्यांना घरोघर जाणाऱ्या बायका हव्या होत्या. मावशीच्या मांडीवर कुठलंही पोर दोन मिनिटांत शांत होतं हे त्यांनी पाहिलं आणि तिला उचललं.

आणि मग पहिल्याच दिवशी सांगितलं, की मुलांना हात लावायचा नाही.

शिकवणी पंधरा दिवस चालली. मोठ्या बाई म्हणाल्या, "भिंतीला कान असतात हे तू ऐकलं असशील. तू ती भिंत. फक्त तुझ्याकडं पेन्सिल जास्त आहे." मूल घरात जसं एरवी वागतं तसंच वागलं पाहिजे, म्हणून बघणाऱ्यानं तिथं नसल्यासारखं असायचं. राखाडी कपडे, दर वेळी तेच. बांगड्या नाहीत, वासाचं तेल नाही. सगळी खोली दिसेल अशा कोपऱ्यात आपली घडीची तिपाई मांडायची, मांडीवर फळी, फळीवर कागद. कानात बटणाएवढं यंत्र, ते दर अर्ध्या मिनिटाला टक् करी. टक् झालं की कागदावर खूण. मूल रडतंय, हसतंय, आईकडं बघतंय, एकटं आहे. तासाभराच्या एकशेवीस खुणा. मूल जवळ आलं तर हसायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. मुलाच्या डोळ्यात न बघता मुलाकडं बघायची एक युक्ती मोठ्या बाईंनी शिकवली होती: त्याच्या कानाकडं बघायचं.

आयांकडूनही सही घेतलेली असायची. घरात ही बाई नाहीच असं समजून वागायचं. आणि मुलानं बोट दाखवून विचारलंच, तर सांगायचं, "कुणी नाही."

मावशी त्या कामात इतकी तरबेज झाली की मोठ्या बाई नव्या बायकांना तिचं उदाहरण देत. आया तिला विसरून तिच्यासमोर भांडत, कपडे बदलत, रडत. एकदा एका घरातल्या बाईनं कोपऱ्यातल्या अंधारात खुंटी समजून ओला टॉवेल चक्क मावशीच्या खांद्यावर टाकला आणि निघून गेली. हा किस्सा मावशी हसत हसत सांगायची. तिचा नवरा मात्र तो ऐकून हसत नसे.

मुलं पाच वर्षांची होईपर्यंत, दर तीन महिन्यांनी एकदा, असं हे चाललं. पाचव्या वर्षी घरातलं बसणं संपलं. पुढं फक्त उंची, वजन, शाळेचे मार्क, दर काही वर्षांनी प्रश्नांची वही. मोठ्या बाई वारल्या. त्यांच्या जागी साहेब आले, तेव्हा तरुण होते, आता चष्म्याची काच जाड झाली. आणि मावशीचे गुडघे गेले, तेव्हा तिला कचेरीत टेबलापाशी बसवलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. घरी मावशी पूर्वीसारखीच बडबडायची. पण तिची मुलगी परगावी शिकायला निघाली तेव्हा बॅग उचलता उचलता म्हणाली, "आई, एक सांगू? तू माझ्याशी बोलतेस तेव्हा माझ्या कानाकडं बघतेस."

मावशीनं ते हसण्यावारी नेलं. नवऱ्यानं खडू ठेवला आणि म्हणाला, आमच्या घरात दोघंही मापं घेतात, माझी निदान कुणाच्या तरी अंगाला बसतात.

मग तिसावं वर्ष आलं. ती दोनशे चाळीस मुलं आता बाप्ये-बाया झालेली, त्यातली दोनशे चार सापडली. शेवटची फेरी. तरुण पोरं-पोरी त्यांच्याकडं जाऊन मुलाखती रेकॉर्ड करून आणायची, आणि मावशीनं कानाला यंत्र लावून त्या ऐकायच्या, शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच होता. तुम्हाला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट कोणती?

कुणी पाण्याची बादली सांगितली, कुणी आजोबांच्या चपला. आठव्या का नवव्या मुलाखतीत एक ट्रक चालवणारा माणूस म्हणाला, "एक बाई आठवते. कोपऱ्यात बसलेली. तिला पापण्या नव्हत्या."

मावशी हसली. अरे गाढवा, ती मीच की. पापण्या होत्या रे, जागच्या जागी. तिनं ते उतरवलं आणि चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

दोन दिवसांनी एका शिक्षिकेनं सांगितलं, राखाडी बाई. भिंतीतून अर्धी बाहेर आलेली. मग एका नर्सनं. मग एका सुतारानं, तो म्हणाला की त्याला अजून खोलीत शिरताना आधी कोपरे बघायची सवय आहे आणि कशामुळं ते कळत नाही. कुणाला तिच्या अंगातून टक् टक् ऐकू येई. कुणाला ती मेलेली आजी वाटे. हे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. मावशीनं चहाच्या वेळी सांगायचं बंद केलं. तिनं टेबलाच्या कप्प्यात एक कागद ठेवला आणि त्यावर आकडे लिहायला लागली. एकोणीस. सत्तावीस. एकतीस.

त्या कागदावरची बत्तिसावी मुलाखत एकशे सतराची होती. मुलांना नावं नव्हती, नंबर होते. एकशे सतरा म्हणजे गिरणीमागच्या गल्लीतली मुलगी, एवढं मावशीला आठवलं.

आवाज शांत होता. घरात पुस्तक वाचून दाखवावं तसा. ती म्हणाली, "आमच्या घरात कोपऱ्यात एक बाई बसायची. मी आईला विचारायची, ती कोण. आई म्हणायची, कुणी नाही. माझी आई कधी खोटं बोलायची नाही. म्हणजे मला नसलेलं माणूस दिसत होतं." मग म्हणाली, "ती काही करायची नाही. आपण रडलो की ती लिहायची."

मावशीनं यंत्र थांबवलं. हात पुसले. पुन्हा लावलं.

पुढचं सगळं एकशे सतरानं एका दमात सांगितलं होतं. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. बाप दिवसभर कामावर असायचा, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं शाळेत एकदा सांगितलं तर पोरींनी तिला वेडी ठरवलं, मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. लग्न झालं, नवरा भला, बोटीवर असतो, सहा-सहा महिने येत नाही. आता पदरात दहा महिन्यांची मुलगी. आणि गेल्या महिन्यापासून ती मुलगी रिकाम्या कोपऱ्याकडं बघून हात पसरते. म्हणजे जे माझ्या डोक्यात आहे ते हिच्यातही उतरलं, असं एकशे सतराचं म्हणणं. ते आणखी रुजायच्या आत पोर माझ्यापासून लांब गेलेलं बरं. नणंदेला मूलबाळ नाही, ती सांभाळायला तयार आहे. रविवारी येऊन घेऊन जाईल. कायमची.

मुलाखत घेणाऱ्या पोरानं विचारलं होतं, ती बाई पुढं दिसायची बंद झाली का? एकशे सतरा म्हणाली, ते नको. पोरगा म्हणाला, बरं. त्यालाही तसंच शिकवलं होतं. आपलं काही बोलायचं नाही.

मुलाखत कालचीच होती, आणि तो बुधवार होता.

मावशी तळघरात गेली. जुने कागद तिथं कपाटांत नंबरवार लावलेले. एकशे सतराची फाइल तिनं काढली आणि खाली फरशीवर बसून उघडली. स्वतःचंच अक्षर, बारीक, सरळ. मूल दोन वर्षं एक महिना. आई मागच्या बाजूला कपडे वाळत घालते आहे. मूल हात पसरतं, एक खूण. मूल रडतं, खूण, खूण, खूण. तिनं मोजल्या. ओळीनं बावीस. म्हणजे अकरा मिनिटं. आणि त्या बावीस खुणांच्या खाली शेवटच्या रकान्यात छापलेलं, खोलीत आणखी कोणी? समोर तिनंच लिहिलेलं, नाही. त्याच्या शेजारी: मूल एकटं.

स्वतःला मोजायचं नाही, हा मोठ्या बाईंचा नियम होता. सगळ्यांनी तो पाळला. दोनशे चाळीस घरं, पाच वर्षं, आणि एका कागदावरही कोपऱ्यातली बाई नव्हती.

साहेबांना तिनं त्याच दुपारी सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हे. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ काचा पुसल्या. त्यांचं अर्ध्या आयुष्याचं काम त्या 'मूल एकटं' रकान्यावर उभं होतं, एकटी राहिलेली मुलं पुढं कशी होतात यावर. ते म्हणाले, फेरी संपायला पाच महिने आहेत. एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळणार, आणि मग जे कुणी सांगेल ते आठवणीतलं का ऐकलेलं ते ओळखता येणार नाही. फेरी संपली की सगळ्यांना पत्र पाठवू, सगळं खरं लिहू, शब्द देतो.

"रविवार चार दिवसांवर आहे," मावशी म्हणाली.

"ती पोर अनाथाश्रमात नाही चाललेली, मावशी. सख्ख्या आत्याकडं चालली आहे."

मावशी उठून आपल्या टेबलापाशी गेली. गप्प बसणं तिला येतच होतं.

शनिवारी सकाळी तिनं ट्रंकेच्या तळातून राखाडी कपडे काढले. नवऱ्यानं कडेची शिवण उसवून सैल करून दिली. कशाला हवेत म्हणून विचारलं नाही, फक्त मान वर न करता म्हणाला, तोंड उघडून ये म्हणजे झालं. कचेरीच्या अडगळीतून तिनं तिपाई आणली होती, फळी आणली होती. जुन्या तक्त्याचा एक कोरा कागदही.

एकशे सतराचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या. दार उघडलं आणि मावशीच्या लक्षात आलं की त्या घराला कोपरेच नाहीत. एकात गाद्यांचा ढीग, एकात पिंप, एकात ट्रंकेवर ट्रंक रचलेली. फक्त दाराच्या मागचा एक कोपरा रिकामा होता, कारण तिथं काही ठेवलं तर दार पुरतं उघडलं नसतं. जमिनीवर चटईवर मुलगी बसली होती, हातात लाकडी चमचा. शेजारी तिच्या कपड्यांची पिशवी, बांधून ठेवलेली.

मावशीनं पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. मोठ्या बाई, तिपाई, कान, सही, "कुणी नाही." आई खोटं बोलली नव्हती, पोरी, आईनं दिलेला शब्द पाळला होता. एकशे सतरानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती हळू म्हणाली, "तुम्ही भल्या आहात, मावशी. कुणीतरी पाठवलं असेल तुम्हाला, माझ्या समाधानासाठी. पण ती बोलत नाही."

काय पुरावा देणार? पंचवीस वर्षांनी चेहरा कुणाचा राहतो. मावशी उठली. दार लावून घेतलं, दाराच्या मागं कोपऱ्यात तिपाई मांडली, बसली. फळी मांडीवर घेतली, पेन्सिल धरली.

आणि भिंत झाली.

हे इतक्या सहज होईल असं तिलाही वाटलं नव्हतं. पाठ आपोआप ताठ झाली, श्वास खाली गेला, चेहऱ्यावरून सगळं उतरलं, पाटी पुसल्यासारखं. एकशे सतरा समोर उभी होती. तिचा रंग गेला. एक पाऊल मागं, अजून एक, पाठ पिंपाला लागली. मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो तीस वर्षांच्या बाईचा नव्हता.

"कोण आहे?"

मावशी सांगायला गेली. तोंड उघडलं नाही.  बडबडी मावशी, दुधाशी बोलणारी, आणि तिला दोन शब्द सापडेनात. तिची नजर एकशे सतराच्या कानावर होती आणि तिथून हलत नव्हती.

"आई म्हणते कुणी नाही," एकशे सतरा म्हणाली.

चटईवरची मुलगी रांगत आली. तिपाईपाशी थांबली, चमचा वर केला. कुणी घेईना. दोन्ही हात वर केले. मावशी तिच्या कानाकडं बघत होती. मुलीचा ओठ वळला आणि ती रडायला लागली. मावशीच्या कानात आता यंत्र नव्हतं, तरी टक् झालं. हातानं खूण केली. पुन्हा टक्. खूण. तिनं आपल्या हाताकडं पाहिलं, तो तिचा हात वाटेना. तीन, चार, पाच. आपल्या जागी खरोखरच कुणी नसेल तर, असं तिच्या मनात आलं, आणि त्या क्षणी ते अगदी खरं वाटलं. सहा.

सातव्या खुणेला पेन्सिलीचं टोक मोडलं.

मावशीनं नजर उचलली. एकशे सतराच्या कानावर, तिथून गालावर, गालावरून डोळ्यांत. तीन बोटांचं अंतर, पण दगड ओढावा तसं ओढावं लागलं.

"मी आहे," ती म्हणाली. "मी होते, पोरी. तू अकरा मिनिटं रडलीस आणि मी तिथंच होते."

फळी खाली पडली. तिनं मुलीला उचललं. पोर आधी दचकली, मग मावशीच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत राहिली, मग हुंदकेही थांबले. मांडीवर घेतलेलं पोर दोन मिनिटांत शांत होतं, ते अजून गेलं नव्हतं. मावशी तिला घेऊन खोलीच्या मधोमध येऊन बसली. एकशे सतरा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं हात पुढं करून मावशीच्या मनगटाला हात लावला, तवा तापलाय का बघावं तसा. मनगट ऊबदार होतं. मग घट्ट धरलं.

बराच वेळ ती रडली. मग नाक पुसून, साधं काहीतरी विचारावं तसं तिनं विचारलं, "आणि आई गेल्यावर मी थोडे दिवस मामाकडं राहिले, तिथल्या माळ्याखाली? ते पण तुम्हीच ना?"

मावशीचा हात मुलीच्या पाठीवर होता, तो तिथंच थांबला. घरातलं बसणं पाचव्या वर्षी संपलं होतं. मामाचं घर कुठल्या कागदावर नव्हतं. मावशीनं ते कधी पाहिलं नव्हतं.

एकशे सतरा बघत होती. चटईशेजारी बांधलेली पिशवी होती.

"हो," मावशी म्हणाली.

"आणि या घरात? ही पोटात असताना?"

"हो गं. तेव्हाही मीच."

तीस वर्षांत मावशीनं एक खूणही खोटी केली नव्हती. एकशे सतरानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मग उठली, फोन उचलला आणि नणंदेला सांगितलं की उद्या या, जेवायला या, पण पोर इथंच राहील. पलीकडून नणंद बरंच काही बोलली असावी. एकशे सतरा म्हणाली, वन्सं, मी बरी आहे. मी बरीच होते. बोलता बोलता एका हातानं ती पिशवीची गाठ सोडवत होती.

मावशीच्या खांद्यावरून मुलगी मागं बघत होती. मावशीला तिची मान वळलेली जाणवली, अंग ताठ झालेलं जाणवलं. दाराच्या मागं, जिथं तिपाई होती, तिकडं. मग ती खुदकन हसली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

मावशी वळली नाही.

तिनं मुलीला आईच्या कडेवर दिलं, निघते म्हणाली, आणि खाली बघत फक्त कागदासकट फळी उचलून घेतली. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा वरून कठड्यावरून हाक आली, मावशी, तुमची तिपाई राहिली. मावशी म्हणाली, राहू दे, गुडघे दुखतात, आता परत वर येववत नाही. आवाज तिनं हसरा ठेवला. उरलेले जिने तिनं गुडघ्यांच्या मानानं फारच भराभर उतरले.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक राजीनामा, दोन ओळींचा. दुसरा घरातल्या बसण्याचा तक्ता, पंचवीस वर्षांत कुणी भरला नव्हता तसला, एकशे सतराच्या नावानं. सहा खुणा, सातव्या जागी कागदाला भोक. मूल एकटं: नाही. साहेबांनी हळूहळू वाचलं. कुठं काय मोडलंय ते त्यांना लगेच कळलं, आणि ते रागावले नाहीत, नुसते थकल्यासारखे खुर्चीत मागं टेकले.

शेवटच्या रकान्यापाशी मात्र ते अडकले. खोलीत आणखी कोणी? होय. पुढं आई आणि मूल सोडून किती, त्याचा आकडा. मावशीनं तिथं १ लिहिला होता. त्याच्या खाली आधी दुसरा आकडा लिहून खोडलेला होता, खोडरबरानं कागद खरवडला गेला होता इतका जोरात. साहेब कागद घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरला. मावशीच्या अक्षरात कधी खाडाखोड नसे.

खोडलेला आकडा २ होता.